अकरा नंबरमधलं सामान

आमचे आप्पा गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या वस्तू एका कापडी पिशवीत मावल्या. दोन धोतरं, तीन टोप्या, एक चष्मा, अडकित्ता आणि आकडे पुसून गेलेला बटणांचा मोबाइल. दुसऱ्यांच्या वस्तूंना मात्र एक अख्खी खोली लागत होती.

ही आमच्या चाळीतली अकरा नंबरची खोली. कुरुळीत कंपन्या आल्या तशी आमची बरीचशी जमीन गेली. उरलेल्या तुकड्यावर आप्पांनी दहा बाय दहाच्या अकरा खोल्या बांधल्या आणि त्या कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या. कुणी बीडचा, कुणी परभणीचा, एखादा कोकणातला. कंत्राटाची रीत अशी, की सहा-सात महिने झाले की कंपनी पोराला ‘ब्रेक’ देते. ब्रेक म्हणजे आता गावी जा, बोलावलं तर या. निघताना गादी, कूलर, पत्र्याची पेटी घेऊन एसटीत कोण चढणार? मग पोरगं आप्पांपुढं उभं राहायचं. ‘आप्पा, एवढं ठेवून घ्या, ब्रेक संपला की येतोच.’ आप्पा म्हणायचे, ‘ठेव.’ आणि अकरा नंबर उघडून द्यायचे.

त्यातली निम्मी पोरं परत यायचीच नाहीत. कुणाला रांजणगावात काम लागायचं, कुणाचं गावाकडं लग्न व्हायचं आणि सासरा दुकान टाकून द्यायचा. सामान मात्र निष्ठेनं अकरा नंबरमध्ये बसून राहायचं. पंचवीस वर्षांत आप्पांनी त्यातली एक वस्तू टाकली नाही, वापरली नाही, मला वापरू दिली नाही. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत असायचो आणि भिंतीपलीकडं पाच कूलर गप्प उभे असायचे. मी काही बोललो की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, ‘आपलं हाय का ते?’

आता चाळीतली हीच एक खोली रस्त्याला लागून. दिवाळी झाल्यावर एक मेडिकलवाला आला आणि म्हणाला, एक तारखेपासून द्या, शटर मी बसवतो. मी लगेच हो म्हणालो. भंगारवाल्याला टेम्पो घेऊन सोमवारी यायला सांगितलं. मोठ्या झोकात घरी येऊन आईला बातमी दिली. तेव्हा कळलं की खोली आईच्या नावावर आहे, करारावर सही तिची लागणार आहे, आणि अकरा नंबरची किल्ली तिच्या कमरेला आहे.

‘दे की खोली,’ आई शांतपणे म्हणाली. ‘पर ज्याचं त्याला इचार आदी. एकालाबी सोडायचं न्हाई. मग मी सही करते.’

‘आई, त्यात विचारायचं काय? भंगार आहे सगळं.’

‘मंजी तुझ्या बापानं पंचवीस वर्सं भंगार राखलं व्हय?’

याला हो म्हणावं तर सही गेली आणि नाही म्हणावं तर टेम्पो गेला. मी किल्ली घेतली आणि अकरा नंबरकडं निघालो. मागून माझी बायको अपेक्षा वही-पेन घेऊन आली. तिला या कामात कमालीचा उत्साह होता. नवऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळत असेल तर कुठल्या बायकोला नसतो?

खोली उघडली तर आत डांबराच्या गोळ्यांचा वास. धूळ जवळजवळ नाहीच. प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक पुठ्ठा बांधलेला. आमच्या गावात लग्नपत्रिकांचा तोटा नाही, त्यांच्या कोऱ्या बाजूवर आप्पांनी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं. नाव, गाव, तारीख, फोन नंबर आणि शेवटी, जाताना तो काय म्हणाला. ‘दिवाळीनंतर येतो म्हणाला.’ ‘बहिणीचं लग्न उरकून येतो म्हणाला.’ एकावर तर ‘येतो म्हणाला, पण येईलसं वाटत नाही’ असंही होतं.

‘किती सुंदर काम आहे हे,’ अपेक्षा म्हणाली. ‘तुमचं कपाट असं कधी दिसेल?’

मी न ऐकल्यासारखं केलं आणि पहिला फोन लावला.

पहिला रविराज. लातूरकडचा. सामान, एक कूलर आणि एक हेल्मेट. त्याला ओळख पटवून द्यायलाच पाच मिनिटं गेली. मग तो म्हणाला, ‘अहो, तो कूलर अजून आहे? त्याची मोटर जळली होती. फेकायला कुठं जायचं, म्हणून आप्पांकडं ठेवला होता.’

म्हणजे आमच्या आप्पांनी अकरा वर्षं जळक्या मोटरची राखण केली. अपेक्षानं वहीत लिहिलं आणि तोंडावर पदर धरला. ती एरवी ड्रेस घालते, पण त्या दिवशी जणू हसू लपवायलाच साडी नेसली होती.

दुसरा समर्थ, नांदेडचा. त्यानं रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून व्यायामाचे गोळे केले होते. तो आता पोलिसात फौजदार आहे. ‘टाकून द्या हो,’ म्हणाला, ‘आता पोट असं सुटलंय की गोळा उचलायला वाकता येत नाही.’ तिसरा देवगडचा, त्याचा कॅरम. तो मात्र एकदम गंभीर झाला. ‘टाकू नकात हां. मी मे महिन्यात येतंय न्यायला.’ मी कार्ड वाचून म्हणालो, ‘बारा वर्षांपूर्वीसुद्धा तुम्ही मे महिनाच म्हणाला होता.’ तो म्हणाला, ‘मग? शब्द बदललो काय मी?’

आईला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली. मला वाटलं, चला, बाई विरघळली, आता सही होईल. तर डोळे पुसून म्हणाली, ‘अजून किती ऱ्हायले?’

बत्तीस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी काम जड व्हायला लागलं. फोनवरचा माणूस आधी सामान म्हणजे काय ते आठवायचा, हसायचा आणि मग हटकून विचारायचा, ‘आप्पा कसे आहेत?’ मग मला सांगावं लागायचं. गणपतीनंतर गेले. झोपेत गेले. त्रास नाही झाला. अंबाजोगाईच्या नवनाथनं ‘आपलेच आप्पा ना?’ असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, ‘मला कावीळ झाली होती तेव्हा रोज सकाळी उसाचा रस आणून द्यायचे. पिऊन होईपर्यंत दारात उभे राहायचे, मी ओतून देईन म्हणून.’ मला हे ठाऊक नव्हतं. त्या काळात सकाळी मी उठलेलोच नसायचो.

तेराव्याला गावजेवण घातलं, फ्लेक्स लावला, आमदार आले, तेव्हा मला काही झालं नव्हतं. आता एकेका परक्या माणसाला तेच वाक्य सांगताना मी अपेक्षाकडं पाठ फिरवत होतो. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसला. अपेक्षानं चिडवणं थांबवलं आणि न सांगता चहा करून आणला.

शनिवारी दुपारी वहीत एकच नाव उरलं. खरं तर ते मी पहिल्या दिवसापासून उरवत आलो होतो. कोपऱ्यातली हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, तिला कुलूप आणि कार्ड. ‘किसन. जिंतूर. ६ जून २०११. काही म्हणाला नाही.’

‘हा राहिला की,’ अपेक्षा म्हणाली.

‘नंबर जुना असेल.’

तिनं कार्ड उजेडात धरलं. ‘जुना कसा? चार वेळा खोडून नवा लिहिलाय. शेवटचा तर अगदी ताज्या शाईत आहे, बघा. एवढं दुसऱ्या कुठल्या कार्डावर नाही.’

मी म्हणालो, नंतर करू. तिनं माझ्याकडं पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचं ‘नंतर’ वजनानं कळायला लागतं.

आता हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. २०११ साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि गुंठामंत्री होतो. जमिनीचे कोर्टात अडकलेले वाढीव पैसे नुकतेच घरात आले होते. गळ्यात साखळी, हातात कडं, दारात नवी पांढरी गाडी, आणि तिच्या मागच्या काचेवर, वाचायला लाज वाटावी अशा अक्षरांत, ‘रणजीतदादा’. ही उपाधी मला कुणी दिली नव्हती, मीच घेतली होती. एका सकाळी गाडीच्या दारावर हातभर लांब ओरखडा दिसला. शेजारी किसनची सायकल उभी होती. चार नंबरच्या खोलीत राहणारा, कमी बोलणारा, वेल्डिंग शिकलेला पोरगा. मी चौकशी वगैरे काही केली नाही. दादा लोक चौकशी करत नसतात. त्याला सगळ्या चाळीसमोर शिव्या घातल्या आणि तासाभरात खोली खाली कर म्हणालो. माझा मित्र विक्की शेजारी उभा राहून ‘बाहेरचे लोक, माजलेत’ असं म्हणत होता. किसननं एका पिशवीत कपडे भरले, ती सायकलला अडकवली आणि गेला. पेटी सायकलवर बसत नव्हती. ती दारातच राहिली.

आप्पा तेव्हा चऱ्होलीला आत्याकडं गेले होते. संध्याकाळी आले, पेटी पाहिली, माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ‘गाडीला ओरखडा पाडला त्यानं.’ आप्पा एकटेच ती पेटी उचलून अकरा नंबरमध्ये घेऊन गेले.

आठ दिवसांनी विक्कीनं एका ढाब्यावर हसत हसत सांगितलं, की ओरखडा त्याच्याच बुलेटच्या हँडलनं पडला होता. मीही हसलो. त्यानंतर ती गाडी विकली, साखळी मोडली, विक्कीची संगत सुटली, केसही बरेच गेले. किसनचं मात्र मी कुणाला बोललो नाही. आप्पांनाही नाही.

अपेक्षाला हे सगळं सांगितलं. ती चिडवेल असं वाटलं होतं, तिनं नुसता फोन पुढं केला.

दोन रिंगमध्ये उचलला गेला.

‘किसन... किसनराव का? मी कुरुळीहून बोलतोय. सोपानरावांचा, आप्पांचा मुलगा.’

‘बोला, रणजीतदादा.’

त्याच्या तोंडून ‘दादा’ ऐकून माझे कान तापले. मी घाईघाईनं म्हणालो, ‘तुमची पेटी आहे आमच्याकडं. खोली रिकामी करतोय. टाकायची की पाठवायची, तेवढं सांगा. टेम्पो आहे सोमवारी.’

‘टेम्पो नको. तुमीच आणून द्या की. मी लांब नाही, इथंच चाकणला राहतो. चौदा वर्षं झाली.’

‘चाकणला?’ कुरुळीपासून चाकण म्हणजे तळेगाव चौकात गाडी अडकली नाही तर वीस मिनिटं. ‘मग इतक्या वर्षांत न्यायला का नाही आलात?’

‘आप्पा बोलले नाहीत का तुमाला?’ तो म्हणाला. ‘दर दसऱ्याला फोन यायचा त्यांचा. म्हणायचे, किसन, पेटी घेऊन जा. मी म्हणायचो, आप्पा, ज्यानं मला बाहेर काढलं त्यानं आणून दिली तर घेईन. ते म्हणायचे, आणील, आणील. की पुढच्या दसऱ्याला पुन्हा फोन.’

‘आणतो,’ एवढंच म्हणून मी फोन ठेवला. चौदा दसरे. प्रत्येक दसऱ्याला आप्पांनी मला सोनं दिलं, डोक्यावरून हात फिरवला. आणि त्याच दिवशी कधीतरी, मी गावात मिरवत असताना, माझ्या वतीनं एका माणसाला ‘आणील’ असा शब्द दिला. मला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी टेम्पोनंच पाठवली असती, हे त्यांना पक्कं माहीत असणार.

पेटी गाडीत टाकली. आई ओट्यावर धान्य निवडत बसली होती. ‘कुटं निगाला?’

‘चाकणला. किसनकडं.’

‘जा,’ ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. आणि ‘ज्याचं त्याला इचार, एकालाबी सोडायचं न्हाई’ यातला तो एक कोण होता, ते मला गेट ओलांडताना उमगलं. चौतीस जणांच्या कूलर-गाद्यांचं लोढणं तिनं माझ्या गळ्यात या एका पेटीसाठी बांधलं होतं.

किसन चाकणला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. तो खाली उतरून आला होता. कानाजवळ केस पांढरे, अंगावर स्वच्छ शर्ट. त्यानं पेटीला हात लावला नाही. जिन्याकडं बोट केलं आणि म्हणाला, ‘या. सावकाश.’

पहिल्या मजल्यावर दम लागला. दुसऱ्यावर एक म्हातारी दार उघडून म्हणाली, ‘मजूर मिळाला नाही का हो, किसनराव?’ किसन म्हणाला, ‘मिळालाय की, मावशी. घरचाच आहे.’ तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पेटी खाली ठेवली, भिंत धरली आणि त्याच अवस्थेत बोलून टाकलं, कारण श्वास परत आला असता तर हिंमत गेली असती.

‘चुकलं माझं, किसनराव. सायकलनं नव्हता पडला ओरखडा. विक्कीच्या गाडीनं पडला होता. आठ दिवसांत मला कळलं होतं. तरी आलो नाही.’

‘मला तर त्याच दिवशी ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘मी बघितलं होतं त्याला.’

‘मग बोललात का नाही?’

‘तुमी ऐकायला उभे होतात का, दादा?’

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. कुलपाची किल्ली त्याच्याकडं नव्हती, हातोडीनं कुलूप तोडलं. आत एक घोंगडी, आयटीआयची दोन पुस्तकं, एक स्टीलचा तांब्या आणि वेल्डिंगचा काळा चष्मा. वहिनी पेटीत डोकावून म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी चौदा वर्षं? मला वाटलं, सोनं-नाणं हाय काय की.’

‘मलाच आठवत नव्हतं काय हाय ते,’ किसन म्हणाला. मग बराच वेळ तो घोंगडीची घडी सारखी करत राहिला. ‘यंदा दसऱ्याला फोन आला नाही. मी लावला तर बंद. मग कुरुळीतल्या एका जणाला विचारलं, तर म्हणाला, गेले. यायला पाहिजे होतं मी. पण लोक म्हणले असते, पेटीसाठी आला. म्हणून पाय निघाला नाही.’

आम्ही चहा घेतला. त्याची फॅब्रिकेशनची शेड आहे, सहा माणसं हाताखाली आहेत. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या त्या खोलीचं शटर कोण बसवतंय? मी म्हणालो, तुम्हीच बसवा. तो म्हणाला, बघू, मोजमाप घ्यायला येतो, आप्पांच्या फोटोलाही हात जोडीन. निघताना त्यानं खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, ‘व्यायाम करत जा, दादा.’

दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो आणि आईचा फोन आला.

‘पोचली पेटी?’

‘पोचली.’

‘वर कुनी नेली?’

‘मीच.’

‘आनि?’

‘माफी मागितली, आई.’

पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘गेल्या वर्सीच्या दसऱ्याला त्येंनी किसनला फोन केला, आन् ठेवल्यावर मला म्हनले, रंभे, पुढच्या दसऱ्याला काय मला फोन करावा लागायचा न्हाई. पोरगं सोताच जाईल बघ तवर.’

‘फोन करावा लागला नाही, एवढं खरं झालं त्यांचं,’ मी म्हणालो.

मी जिन्याच्या पायरीवर बसून रडलो, पहिल्यांदाच, आप्पा गेल्यापासून. मघाची म्हातारी पुन्हा दार उघडून बाहेर आली. काही न विचारता तिनं माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार लोटून घेतलं. आईनं फोन ठेवला नव्हता. तीही पलीकडं रडत होती, आणि मध्येच म्हणाली, सावकाश ये, चौकात गर्दी असल.